सेटरसाठी स्थळ

माझ्या दिनूदादाचं आणि वैजू शेवाळेचं लग्न जमलं असतं, तर सगळ्यांत जास्त फायदा इंगवले बाईंचा झाला असता. दादाला बायको, आईला सून, मला वहिनी आणि वैजूच्या वडिलांना एकदाची झोप, हे सगळं मिळणारच होतं. पण ती किरकोळ मिळकत. बाईंना मात्र त्यांच्या व्हॉलीबॉलच्या संघासाठी निदान दहा वर्षं पुरेल असा सेटर मिळणार होता.

म्हणून तर सकाळच्या पहिल्या चहाला त्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसल्या होत्या.

"उंच आहे म्हणतात मुलगी," आई म्हणाली.

"लांबून दिसते हो तशी. अंगानं बारीक आहे ना, म्हणून."

"तरी पण किती?"

"असेल तुमच्या दिनकरच्या कानाएवढी," बाई म्हणाल्या आणि बशीतला चहा फुंकू लागल्या.

मी चहा गाळत होते. अर्धा चहा ओट्यावर गेला. दादाच्या कानाला वैजूचं काय लागतं हे मला चांगलं ठाऊक होतं. खांदा लागायचा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सर्व्हिस जाळ्यात घातली की बघायच्या, अगदी तसंच. मी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. गप्प बसण्यात माझाही फायदा होता. वैजू या घरात आली की जन्मभर तिच्या हातचे चेंडू माझे.

आता आईला हे कसं कळलं नव्हतं, असं कुणी विचारील. शेवाळ्यांचं घर गावाबाहेर, वस्तीवर. आई मैदानाकडं कधी फिरकायची नाही. तिनं वैजूला एकदाच पाहिलं होतं, बाईंच्या घरच्या हळदीकुंकवाला, आणि त्या दिवशी बाईंनी वैजूला भिंतीला टेकून जी बसवली ती आई घरी जाईपर्यंत उठू दिली नाही. "तिचा पाय मुरगळलाय," असं सांगून वाण तिच्या हातात नेऊन दिलं होतं.

बाई मुलींच्या शाळेत पीटी घ्यायच्या. शाळेनं टाकून दिलेलं फाटकं जाळं त्यांनी मागून आणलं, स्वतः गाठी मारून शिवलं आणि आमच्या सोनवळच्या बाजारतळावर क्लब सुरू केला. गुरुवारी तिथं आठवड्याचा बाजार भरायचा. शुक्रवारी आम्ही कांद्याची सालं झाडायची, फक्कीनं रेघा मारायच्या आणि मग खेळायचं. पहिल्या दिवशी आम्ही शाळेतल्या सवयीनं रांग धरून उभ्या राहिलो, तर बाईंनी शिट्टी मारून ती मोडली. "ही शाळा नाही. शाळेत मोठ्या बाई सांगतात म्हणून मी रांगा लावते. इथं जी जिथं खेळणार, तिथं तिनं उभं राहायचं." गावानं पहिलं वर्षभर नावं ठेवली. मग जिल्ह्याची ढाल आली, ती पतपेढीच्या काचेच्या कपाटात ठेवली, आणि नावं ठेवणारेच पाहुण्यांना ती दाखवायला नेऊ लागले.

क्लबाला रोग एकच होता. मुलगी तयार झाली की तिचं लग्न व्हायचं. आम्ही शिकवायचं आणि वडगावनं सून म्हणून उचलायचं. एका वर्षी तर वडगावच्या संघातून आमच्याच दोघी आमच्यावर स्मॅश मारत होत्या, गळ्यात मंगळसूत्र दोऱ्यानं बांधून. त्या रात्री एसटीतून उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "आता मीच स्थळं बघणार."

आणि बघितलीही. गावातल्या गावात, मैदानापासून हाकेच्या अंतरावरची. त्यांची रीत न्यारी होती. मुलगा काय करतो, जमीन किती, हे त्या शेवटी विचारायच्या. "मुलगा कुणीही असू दे," त्या म्हणायच्या, "सासू बघावी. संध्याकाळी पाच ते सात सुनेला सोडील अशी सासू पाहिजे." आमच्या आईला त्यांनी बरेच दिवस हेरून ठेवलं होतं. आई रोज पाचाला विठोबाच्या देवळात कीर्तनाला जायची, ती दिवेलागणीनंतरच परत. "असलं घर शोधून सापडायचं नाही," बाई मला म्हणाल्या होत्या. दादाचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे, तो निर्व्यसनी आहे, स्वभावानं गरीब आहे, ही सगळी वरकड.

वैजूबद्दल थोडं सांगायला पाहिजे. सेटर म्हणजे दुसरा हात लावणारी. आलेला चेंडू तिनं जाळ्यापाशी असा उचलून द्यायचा की पुढचीनं नुसता हाणावा. टाळ्या हाणणारीला पडतात, सेटरकडं कुणी बघत नाही. पण वैजूकडं बघायचे. ती पुढं बघत बघत चेंडू डोक्यावरून मागं सोडायची, जाळ्याला घासून जाईल असा, झपकन. तो मारायला मी त्या जागी असायला हवं असायचं. मी कधीच नसायचे. मी पोचेपर्यंत चेंडू खाली पडून पुन्हा वर आलेला असायचा, आणि बाई माझ्या नावानं शंख करायच्या.

त्या हिवाळ्यात रेल्वेच्या संघाकडून वैजूला निवड चाचणीचं बोलावणं आलं. निवड झाली तर नोकरी आणि खेळ दोन्ही, पण मुक्काम मुंबईला. तिच्या वडिलांचं, शेवाळे अण्णांचं, म्हणणं सरळ होतं. मी दळण घेऊन त्यांच्या गिरणीत गेले तेव्हा पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशांतून त्यांनी ते मला ऐकवलं.

"उज्ज्वला, आतापर्यंत आलेली सगळी स्थळं उंचीवर अडली. तुमचं हे शेवटचं. जमलं तर माझी पोर गावात नांदंल, डोळ्यांसमोर. नाही जमलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. मग जाऊ दे रेल्वेत, नाही तर इमानात!"

वैजू माझा डबा काट्यावर ठेवत होती. मी तिला बाहेर ओढलं.

"तुला काय पाहिजे गं?"

"बाई म्हणतील तसं."

"बाई काय म्हणतात रेल्वेचं?"

"म्हणाल्या, रेल्वेला सेटर पुष्कळ मिळतील." ती जरा हसली. "आणि रविवारपर्यंत पोक काढून चालायची सवय कर म्हणाल्या. हे बघ, जमतंय का?"

तिनं चालून दाखवलं. विहिरीत वाकून बघावं तशी चालत होती. मला इतकं हसू आलं की गिरणीच्या भिंतीला टेकावं लागलं.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम. त्याच्या आदल्या शुक्रवारी आम्ही फक्की मारून खेळायला लागलो, आणि काय झालं कुणास ठाऊक, मला चेंडू मिळायला लागले. छान उंच, संथ, ताटात वाढून द्यावेत तसे. मी एक मारला, दुसरा मारला, तिसरा तर असा हाणला की मटणवाल्याच्या पत्र्यावर वाजला.

"बाई, बघितलं का?" मी ओरडले. "आज हाताला काय आलंय!"

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शिट्टी तोंडात होती, पण वाजत नव्हती. त्या वैजूपाशी गेल्या.

"हा कुठला चेंडू?"

"उज्जीसाठी दिला, बाई."

"तुझा नेहमीचा मागचा कुठं गेला?"

"तो इथं कुणाला लागत नाही, बाई." वैजू खाली बघत होती. पोक काढूनच उभी होती. सवय अंगी लागत चालली होती. "आता यांच्यातच खेळायचंय, तर यांना जमंल असाच द्यायला नको का?"

बाईंनी शिट्टी काढून पदराला पुसली, पुन्हा पुसली. दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी म्हणाल्या, "जाळं सोडा गं. आज पुरे."

मध्यस्थीचा व्याप कमी असतो का, दमल्या असतील, असं मला वाटलं.

दादा रोजच्यासारखा मला न्यायला आला होता. खरं म्हणजे मला न्यायची काही गरज नव्हती. घर पायी जाण्याएवढं जवळ. पण गेलं वर्षभर तो अर्धा तास आधी यायचा आणि सायकल चिंचेला लावून बघत बसायचा. मला कळत होतं, पण मीही बाईंचीच शिष्या. फुकट मिळणारी सायकल कोण सोडतं?

"आज कसले चेंडू मिळाले माहितेय का, दादा!"

"बघितलं," तो पेडल मारत म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाला, "रोज तसे देत नाही ती."

"आता देणार. घरातलीच होणार ना."

त्यावर दादा घंटी वाजवत राहिला. रस्त्यात कुणी नव्हतं.

रविवारी आम्ही शेवाळ्यांच्या वस्तीवर गेलो. आई, दादा, मी आणि मध्यस्थ म्हणून बाई. वाटेत बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "वैजूचा मामा पुण्याहून कॅमेरा घेऊन आलाय. फोटोचं निघालं तर तू चटकन तिला घेऊन खाली बस. कळलं?"

वैजू पोहे घेऊन आली ती उत्तम पोक काढून. चटईवर बसली ती अशी, की आईच्या चेहऱ्यावरून समाधान सांडायला लागलं.

"भाकरी येते का गं?"

"येते."

"हातावर का परातीत?"

"दोन्ही."

"त्या खेळानं हात राठ होत असतील ना?"

"भाकरीला बरे पडतात," बाई मधेच म्हणाल्या. सगळे हसले.

"दिनकर, तुला काही विचारायचं?" अण्णांनी विचारलं.

दादानं बराच वेळ पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढले. मग म्हणाला, "रेल्वेची चाचणी कधी आहे?"

वैजूनं पहिल्यांदाच वर बघितलं. "पुढच्या सोमवारी."

"आता कशाला ती चौकशी?" आईनं त्याला कोपरानं ढोसलं, आणि पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. आमच्याकडं करंडा निघाला म्हणजे पसंती झालीच. आई आता वैजूला पुढं बोलावणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "थांबा थांबा, कुंकू बाहेर लावा. ओट्यावर उजेड चांगला आहे. फोटो येईल."

सगळे ओट्याखाली अंगणात जमले. मला माझं काम आठवलं. मी वैजूचा हात धरला, "चल, आपण दोघी पुढं बसू," आणि बसलेही. तेवढ्यात मागून आवाज आला. शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज.

"कुणी बसायचं नाही! सगळ्यांनी उंचीप्रमाणे उभे राहा!"

त्या आवाजाला आमच्या गावातली कुठलीही मुलगी उभी राहते. मी ताडकन उठले. अण्णांची म्हातारी आईसुद्धा काठी टेकून सरळ झाली. आणि वैजू उभी राहिली. मान वर, खांदे मागं, पोकबिक कुठल्या कुठं. ती उभी राहतच गेली असं वाटलं मला, संपेचना.

दादा ओट्याच्या पायरीवर होता. मामा बिचारा शहाणा माणूस. त्याला घोटाळा कळला. कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाला, "पाहुणे, तुम्ही तिथंच राहा, पायरीवर. वैजू, तू त्यांच्या शेजारी ये. झक्क दिसतंय."

वैजू त्याच्या शेजारी गेली. पायरीवर दादा, खाली वैजू, दोघं बरोबरीला आले. दादानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि तो पायरी उतरून खाली आला.

आईनं दोघांकडं बघितलं. दादाचा कान आणि वैजूचा खांदा, दोन्ही एका रेषेत. तिनं करंड्याचं झाकण लावलं.

"आम्ही कळवतो," आई म्हणाली.

परत येताना ती जी सुरू झाली! "कानाएवढी म्हणे! कुणाच्या कानाएवढी? उंटाच्या?"

"जिभेला वळण पडलंय हो, वहिनी," बाई चाचरत म्हणाल्या. "जन्म गेला पीटी घेण्यात. पाच माणसं एकत्र दिसली की निघून जातं तोंडातून."

"तोंडातून निघालं म्हणून खरं तरी कळलं! आणि तू रे ठोंब्या, तुला पायरीवर उभं राहायला काय धाड भरली होती?"

दादा सायकल हातात धरून पुढं पुढं चालत होता.

गावाला वर्षभर पुरेल एवढी गंमत झाली. पीटीच्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं स्वतःचं जमवलेलं स्थळ मोडलं! पतपेढीत, गिरणीत, देवळात, चार माणसं जमली की कुणीतरी ओरडायचं, "उंचीप्रमाणे उभे राहा!" वैजू सोमवारी गेली आणि निवडली गेली. तिच्या जागी बाईंनी मला सेटर केलं. चेंडू माझ्या हातात यायचा हे खरं. पुढं तो कुठं जायचा ते बाईंनाच विचारावं. त्या वर्षी ढाल वडगावला गेली आणि तिकडंच रमली. पतपेढीच्या कपाटात ढालीच्या जागी घड्याळ आलं. आईनं बाईंना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. बाईंच्या मध्यस्थीवर पुन्हा कुठल्याही आईबापानं भरवसा ठेवला नाही. आमच्या मुली पुन्हा वडगावच्या सुना व्हायला लागल्या. आणि बाई पुन्हा रोज पाचाला मैदानावर, नव्या पोरींना पहिल्यापासून शिकवायला.

हे सगळं मी इतकी वर्षं असंच सांगत आले. चांगली गोष्ट होती; हशा हमखास.

मग क्लबाचा रौप्यमहोत्सव आला. मांडव, लाउडस्पीकर, जुन्या खेळाडूंचे सत्कार. वैजू आली होती. रेल्वेकडून कितीतरी वर्षं खेळून आता तिथल्या मुलींना शिकवते. येताना दोन कोरी जाळी घेऊन आली. बाई थकल्या होत्या, काठी घेऊन चालत होत्या, पण गळ्यात शिट्टी तीच. लाउडस्पीकर दादा सांभाळत होता. त्याचं लग्न झालंय, वहिनी त्याच्या कानाएवढी आहे, दोन मुलं आहेत. सुखात आहेत. हे मुद्दाम सांगते, नाही तर लोक भलतंच धरून बसतात.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. फोटोग्राफर नवा पोरगा. स्टुलावर चढून म्हणाला, "ताई, सगळ्या जणी जरा उंचीप्रमाणे उभ्या राहता का?"

"ए!" बाई गरजल्या. काठी हवेत. "माझ्या क्लबात आजवर कुणी उंचीप्रमाणे उभं राहिलं नाही. कधी तसं म्हणाले नाही मी, आणि म्हणणारही नाही. आपापल्या जागेवर उभ्या राहा गं!"

सगळ्या खेळायच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. सेटरच्या जागेवर वैजू आणि मी दोघी पोचलो. ती मला म्हणाली, "ये, मावू दोघी." पण माझे पाय तिथंच अडकले होते. 'कधी तसं म्हणाले नाही मी.' खरंच नव्हत्या म्हणाल्या. कुठल्याच फोटोला, कुठल्याच ढालीला, मैदानावर एकदाही नाही.

मी मागं वळले. बाई माझ्या खांद्यामागंच उभ्या होत्या.

"बाई, मग त्या दिवशी..."

"कुठल्या दिवशी?"

"शेवाळ्यांच्या अंगणात."

"पुढं बघ," बाई म्हणाल्या. "डोळे मिटले तर पुन्हा काढायला लावीन."

मांडव उतरवत होते तेव्हा मी दादाला गाठलं. तो वायर गुंडाळत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, दचकेल.

"तुला आत्ता कळलं?" तो म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. शुक्रवारी बाईंचं तोंड बघितलं होतं की मी."

"मग त्या मामाचं ऐकून पायरीवर राहायचंस ना! जुळून आलं होतं सगळं. आई करंडा उघडून उभी होती. तुला तर ती..."

दादानं वायरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. ते मी धरायचं आणि त्यानं गुंडाळायचं, असं लहानपणापासूनचं आमचं आहे.

"ती इतक्या दिवसांनी सरळ उभी राहिली होती गं," तो म्हणाला. "तिच्या बरोबरीला यायला मी पायरी कशाला घेऊ?"

एवढं बोलून तो वायर गुंडाळत राहिला. मी मनातल्या मनात जमाखर्च मांडत होते. रेल्वेला सेटर मिळाला. वडगावला ढाल मिळाली. अण्णांना झोप मिळाली, गावाला हसायला मिळालं, मला सेटरची जागा आणि सांगायला गोष्ट मिळाली. वैजूला जे मिळायचं ते मिळालं. बाईंनी सेटर दिला, ढाल दिली, चार घरांतला मान दिला, वर हसंही करून घेतलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. आईनं एक उंच सून घालवली, पण तो तोटा आहे हे तिला आजही पटत नाही. राहता राहिला दादा.

तेवढ्यात फोटोग्राफर वही घेऊन आला. प्रती सगळ्यांनाच हव्या होत्या. वैजूला मोठी, चौकटीतली. बाईंना एक घरी आणि एक पतपेढीच्या कपाटात, घड्याळाशेजारी. "हिशेब कुणाकडं करायचा?" त्यानं विचारलं. आम्ही बायका पर्स शोधायला लागलो. बाईंनी पदराची गाठ चाचपली.

पैसे दादानं दिले. फोटोत तो नाही.